फी भरली, पुढे काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ऑगस्ट २०२५ मध्ये सोसायटीच्या सभागृहात कॉलेजात नव्यानं जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी झालेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलं आहे. संपादक मंडळानं शुद्धलेखन तपासलं आहे, मजकुराला हात लावलेला नाही.)

मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभी असलेली मुलं! खुर्च्या रिकाम्या आहेत रे, या पुढं. कॉलेजात मागच्या बाकावर बसायला चार वर्षं आहेत.

सचिवांनी मला सांगितलं, की यंदा आपल्या सोसायटीतली अकरा मुलं कॉलेजात जाताहेत. काहींचं नक्की झालंय, काहींचे डोळे अजून कॅप राउंडकडे लागलेत. तेव्हा काका, तुम्ही बँकेत होतात, शैक्षणिक कर्जावर चार शब्द बोला. मी म्हटलं, बोलतो, पण कर्ज हा विषय वीस मिनिटांत संपतो. उरलेल्या वेळात मला दुसरंच काही सांगायचंय. ते काय, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी हार्मोनियमवादन ठेवलं असतं.

आधी थोडं माझं. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला. १९६८ साली जुनी अकरावी एसएससी पास झालो आणि कॉमर्स शिकायला कराडला आलो. घरातला कॉलेज पाहणारा मी पहिलाच. वडील एसटीनं सोबत आले, कॉलेजच्या फाटकापर्यंत. आत यायला ते कचरले. धोतर मळलेलं होतं म्हणाले. मी आत जाऊन फी भरली, पावती आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट घडी करून मुंडाशात ठेवली आणि परतीची गाडी धरली. आमचं ओरिएंटेशन ते एवढंच.

आणि गेल्या वर्षी मी माझ्या नातीच्या, म्हणजे थोरल्या मुलीच्या मुलीच्या, इंजिनिअरिंग कॉलेजच्या इंडक्शनला गेलो होतो. वातानुकूलित सभागृह, प्रत्येकाला पाण्याची बाटली आणि फाइल. पालकांना वेगळं बोलावलेलं. मला आवडलं ते. माझ्या वडिलांना कुणी असं आत बोलावलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. पण पहिल्याच दिवशी, पहिल्या तासाला पडद्यावर काय दाखवलं? प्लेसमेंट. कुठल्या कंपनीनं किती पॅकेज दिलं. मुलं अजून वर्गाचा रस्ता शोधताहेत आणि आपण त्यांना पगार दाखवतोय. दोन तासांत एकदाही कुणी म्हणालं नाही, की बाळांनो, पहिल्या वर्षात तुमच्यातली बरीच जणं एखाद्या विषयात आपटणार आहेत, तर तेव्हा काय करायचं. ते कॉलेज सांगत नाही, म्हणून आज मी सांगणार आहे.

आता कर्ज. ज्यांना घ्यायचंय त्यांनी कागद-पेन काढा.

विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, पण शाखेत जाऊन अधिकाऱ्याला तोंड दाखवल्याशिवाय राहू नका. आयबीएच्या आदर्श योजनेतल्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी पतहमी असते, त्याला घर गहाण मागायचं नसतं. कुणी मागितलं तर नम्रपणे विचारा, कुठल्या परिपत्रकानुसार? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केलीय. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला असेल तर विनातारण, विनाजामीन कर्ज आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी बघा. मुलींच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट: २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. इतर शुल्कं मात्र भरावी लागतात, तेव्हा 'सगळं फुकट' समजून गाफील राहू नका.

आता एक हिशेब. तो बँकेत कुणी समजावून सांगत नाही, कारण काउंटरवर गर्दी असते. समजा पाच लाखांचं कर्ज आहे, चार वर्षांत सव्वा-सव्वा लाखाचे चार हप्ते उचलले. व्याज समजायला सोपं म्हणून दहा टक्के धरू. शिक्षण चार वर्षं आणि नंतर एक वर्ष सूट, म्हणजे पाच वर्षं हप्ता नाही. लोक म्हणतात, वा, पाच वर्षं निवांत! पण या काळात सरळव्याज चालूच असतं. पहिल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. बेरीज चौदा. वर्षाला साडेबारा हजार गुणिले चौदा म्हणजे एक लाख पंच्याहत्तर हजार. पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी तुमचं देणं पाच नव्हे, पावणेसात लाख असतं. त्याऐवजी पहिल्या वर्षापासून नुसतं व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना हजार-अकराशे रुपये पडतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर भरा. प्राप्तिकरात व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

मुलांसाठी दोन गोष्टी. तुमची खाती आईबाबांनी तुम्ही लहान असताना उघडलीत. अठरा पूर्ण झाली की ते खातं सज्ञानाचं करून घ्यावं लागतं, नवी सही, नवं केवायसी. ते न केल्यामुळे महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडकलेली मुलं मी पाहिलीत. मग कॉलेजला शिव्या, सरकारला शिव्या, आणि चूक कुठे तर आपल्याच पासबुकात. दुसरं, तुमचं खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही 'थोडे दिवस वापरायला' देऊ नका. महिन्याला दोन-चार हजार देतो म्हणून कॉलेजच्या पोरांची खाती भाड्यानं घेतात आणि फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवतात. पोलीस येतात ते खातेदाराकडे.

मूळ कागदपत्रं पडताळून परत घ्या. संस्थेनं मूळ गुणपत्रिका, दाखले अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीनं २०१८ सालीच बजावलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे. रॅगिंगचा त्रास झाला तर सोसू नका. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि १९९९ पासून आपल्या राज्यात त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे.

झालं बँकेचं. आता जे सांगायला उभा राहिलोय ते.

आमच्या धाकट्याला आधी फोन केला होता. म्हटलं, तुझी ती गोष्ट सोसायटीत सांगू का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांगा बाबा. पण शेवटी मी आता काय करतो ते लावू नका. लोकांना वाटतं सगळं गोड झालं, आणि मग मधलं कुणी ऐकत नाही." तेव्हा ते मी सांगणार नाही. जुन्या रहिवाशांना माहीत आहेच.

२००१ साल. सोसायटी होऊन एकच वर्ष झालेलं. लिफ्ट दिवसाआड बंद पडायची. तो बारावी झाला, मार्क चांगले पडले आणि इंजिनिअरिंगला गेला. त्याला जायचं होतं का? मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, विचारलं होतं, पण होय म्हणण्याशिवाय जागा ठेवली नव्हती. डोंबिवलीत त्या काळी मार्क असलेल्या मुलाला दुसरा प्रश्नच विचारत नसत.

पहिल्या वर्षाचा निकाल २००२ च्या जुलैत लागला. मी बँकेतून आलो तर तो म्हणाला, पास झालो. मार्कशीट? ती कॉलेजातच जमा आहे म्हणाला. मला ते खरं वाटलं, कॉलेजं कागद अडकवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षाच्या फीची पे ऑर्डर मी माझ्याच शाखेतून काढली, कॉलेजच्या नावानं. त्याच्या हातात दिली. तो रोज सकाळी ७.४८ ची गाडी पकडायचा. खांद्याला ड्राफ्टर, पाठीवर सॅक, डबा.

ऑक्टोबरात त्यानं पासासाठी पैसे मागितले ते नेहमीपेक्षा जास्त. मी त्यालाच ऐकवलं, रेल्वेनं काय लूट मांडलीय बघ. विद्यार्थ्याच्या सवलतीचा पास आणि साधा पास यांतला तो फरक होता, हे तीस वर्षं आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही. सबमिशनच्या रात्री जागरणं बंद झाली. मला वाटलं, पोरगा आता वेळेवर काम करायला शिकला. झेरॉक्सला पैसे मागेनासा झाला. मला वाटलं, काटकसरी झाला.

डिसेंबरअखेर आमच्या शाखेत पे ऑर्डरच्या खात्याचं बॅलन्सिंग चालू होतं. काढलेल्या पण वटायला न आलेल्या पे ऑर्डरींची यादी करतात. आमच्या एक क्लार्क बाई यादी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, ही तुमची आहे. जुलैची. अजून आउटस्टँडिंग आहे."

मंडळी, मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो, की कर्ज एका दिवसात थकत नाही. आताच्या नियमानं ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, पण त्याच्या आधी पहिल्या तीस दिवसांतच बँकेच्या यादीत त्या खात्यावर खूण पडते. अधिकाऱ्याचं डोकं ठिकाणावर असेल तर तो पहिला हप्ता चुकल्यावर फोन करतो. आणि जो ग्राहक स्वतः येऊन म्हणतो, साहेब, धंदा बसलाय, त्याला आम्ही मुदत वाढवून देतो, हप्ता कमी करतो, काहीतरी वाट काढतो. जो तोंड चुकवतो त्याचं आम्हीसुद्धा काही करू शकत नाही. हे मी शेकडो लोकांना, चहा पाजून, समजावलंय. आणि माझ्या घरातलं खातं सहा महिने थकलेलं होतं.

त्या संध्याकाळी घरी गेलो. बूटसुद्धा काढले नाहीत. आणि त्याला पहिला प्रश्न विचारला, "पे ऑर्डर कुठाय?"

पैशाचा. पहिला प्रश्न पैशाचा विचारला मी.

तो उठला, कपाटातून गणिताचं जाड पुस्तक काढलं. त्यात प्लास्टिकच्या पाकिटात ती पे ऑर्डर होती, एक सुरकुती नाही. माझ्या हातात देऊन म्हणाला, "सहा महिने व्हायच्या आत सांगणार होतो बाबा. नंतर ती चालली नसती." तेव्हा पे ऑर्डरची मुदत सहा महिने असायची. ते त्याला मीच कधीतरी जेवताना सांगितलं असणार.

मॅथ्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि आणखी काही. नियमापेक्षा जास्त केटी लागल्या होत्या आणि वर्ष गेलं होतं. मग रोज जायचा कुठे? कधी दादरला वाचनालयात, कधी एशियाटिकच्या पायऱ्यांवर, पाऊस असला की सीएसटीच्या बाकावर. मी बोलतच होतो. काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. आमची सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एकच विचारलं, "डबा कुठे बसून खायचास रे?"

त्यावर तो रडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा रडला असेल. माझ्या प्रश्नावर रडला नव्हता.

आता यातला आपल्या सोसायटीचा भाग. मला तो पुढं जानेवारीत कळला. बी विंगच्या सातव्या मजल्यावर एक काकू राहायच्या. आता हयात नाहीत, नव्या लोकांना माहीत नसतील. पुढं पुढं मुलगा दुपारीच परत यायला लागला होता आणि घरी जायच्या ऐवजी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायचा, पाच वाजेपर्यंत. काकू वाळवण घालायला वर गेल्या तेव्हा त्यांनी पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोहे घेऊन गेल्या. हे दोन-तीन आठवडे चाललं. त्यानं शपथ घातली होती, घरी सांगायचं नाही. एक दिवस तो टाकीपाशी नव्हता, कठड्याच्या कडेला बसला होता. तो म्हणतो, वारा येत होता म्हणून. असेलही. काकूंनी त्याला हाताला धरून आपल्या घरी नेलं, जेवायला वाढलं, आणि संध्याकाळी वॉचमनला सांगून गच्चीच्या दाराला कुलूप लावून घेतलं. त्या दिवसापासून तो दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसायचा.

त्या वर्षीच्या सभेच्या इतिवृत्तात लिहिलंय, 'पाण्याच्या टाकीच्या सुरक्षिततेसाठी गच्ची बंद ठेवावी.' काकूंनीच सुचवलं होतं आणि मीच अनुमोदन दिलं होतं, कारण न जाणता. दर वार्षिक सभेत गच्चीच्या किल्लीवरून भांडण होतं, पापड कुठे वाळवायचे, पतंग कुठे उडवायचे. मी कधी बोललो नाही. आज बोललो.

काकूंवर मी रागावलो होतो हेही सांगतो. दोन-तीन आठवडे माहीत असून मला का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तो माझ्याकडेही आला नसता." मी उत्तर देऊ शकलो नाही. अजूनही मला वाटतं, त्यांनी सांगायला हवं होतं. आणि हेही वाटतं, की त्या बरोबर होत्या. तेवीस वर्षं झाली, हा हिशेब काही जुळत नाही.

तेव्हा आईबाबांनो, तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. आज घरी गेल्यावर, मूल जेवायला बसलं की त्याला सांगा, की केटी लागली, वर्ष गेलं, कोर्स चुकलाय असं वाटलं तर पहिल्या आठवड्यात आम्हाला सांग, ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नका. मुलं परीक्षा घेतात आपली. आधी छोटी गोष्ट सांगून बघतात, युनिट टेस्टला कमी पडले वगैरे. त्यावर तुम्ही काय चेहरा करता ते बघून मोठी गोष्ट सांगायची की नाही हे ठरवतात. कॉलेजच्या पालक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हजेरीचा मेसेज आला की लगेच फोन करून उलटतपासणी नको. पंच्याहत्तर टक्के हजेरी हवी हे खरंच आहे, त्यांनाही माहीत आहे. पण संध्याकाळी आधी डब्याचं विचारा.

आणि मुलांनो, घरी सांगता येत नसेल तर कुणातरी मोठ्या माणसाला सांगा. कॉलेजात समुपदेशक असतात, मेंटॉर म्हणून एक शिक्षक नेमलेले असतात, त्यांचं नाव पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि ए विंग, तिसरा मजला, लिफ्टच्या समोरचं दार. मी दुपारी झोपत नाही. आमच्याकडे पोहे बरे होतात.

कर्जाचे अर्ज तपासून घ्यायचे असतील त्यांनी पुढच्या रविवारी अकरा ते एक या वेळात यावं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, फीचा तक्ता, उत्पन्नाचा दाखला आणि आईवडिलांचं पॅन, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. सह्या आधी करून आणू नका, दर वेळी कुणीतरी चुकीच्या जागी करतं.

सचिव मघापासून घड्याळाकडे बघताहेत आणि चहा निवतोय.